चाळणीच्या वरचं

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी आमच्या सोसायटीची बैठक झाली. जिन्याखालच्या खोलीत नऊ जण हजर होते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार म्हणून मी, आणि सहा सभासद. रक्कम छत्तीस हजार. निम्मी आगाऊ दिलेली होती आणि उरलेली निम्मी पाहणीनंतर द्यायची होती. पाहणीला कोण जाणार असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका पतसंस्थेत माझी सव्वीस वर्षं हिशेब तपासण्यात गेली. माझ्या हातून न जुळलेली बेरीज पुढे जात नाही, असं पुण्यात आमच्या इमारतीत बोललं जातं. मलाही ते ऐकायला आवडत असे.

पैसे कशाचे ते सांगते. आमच्याकडे डिझेलचा जनरेटर आहे. वीज गेली की लिफ्ट त्यावर चालते आणि धूर खालच्या बागेत पसरतो. या धुराची भरपाई म्हणून तेवढा कार्बन कुठेतरी जमिनीत पुरावा, अशी सूचना एका सभासदाने आणली. हिंगोली जिल्ह्यात एक संस्था हे काम करते. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उरते. ती उघड्यावर पेटवली तर तिच्यातला कार्बन धूर होऊन वर जातो. खड्ड्यात कमी हवेत जाळून वेळेवर पाणी मारलं तर तिचा कोळसा होतो. तो बारीक करून, शेणकाल्यात भिजवून मातीत घातला तर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतो. वर माती ओलही धरते.

यात बारीक करण्याला फार महत्त्व आहे. कण लहान असेल तेवढा त्याचा जास्त भाग मातीला लागतो आणि पाणी, खत धरून ठेवतो. म्हणून तुरीच्या दाण्याहून मोठा तुकडा चालत नाही, अशी अटच आहे. पण पिठासारखा झाला तरी उपयोग नाही. मग तो वाऱ्यावर उडतो आणि माणसांच्या छातीत जातो. हे सगळं मी निघण्याआधी वाचून ठेवलं होतं आणि प्रश्न काढून नेले होते.

पहिला दिवस : नरसी, कनेरगाव नाका

हिंगोलीच्या स्टँडवर संस्थेचे विलासराव जीप घेऊन आले होते. चाळिशीचे, बोलके. "म्याडम, पयले नरसी. नामदेव म्हाराजाच्या गावावरून जायचं अन् दर्शन न्हाई, हे बराबर दिसत न्हाई." वाट वाकडी होती, डिझेल जास्त लागणार होतं, ते मी बोलूनही दाखवलं. ते हसले. "तेबी पुरून टाकू."

देवळात पंजाबातून आलेल्या भाविकांची रांग होती. पगडी बांधलेले एक आजोबा माझ्यापुढे उभे राहून अभंग म्हणत होते. उच्चार त्यांचे, शब्द आपले. मी शाळेपासून तोच अभंग म्हणते, पण डोळे मिटून कधी म्हटला नव्हता.

पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद शिजत होती. मोठमोठे ड्रम, खाली जाळ, आणि वाफेला मातीचा आणि औषधाचा मिळून वास. शिजलेली हळद शेतात पसरलेली असते. लांबून वाटतं कुणी पिवळी सतरंजी घातली आहे. आमच्याकडे हळद म्हणजे डब्यातली पूड. तिला एवढं शिजावं आणि वाळावं लागतं, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

कनेरगाव नाक्याला ढाब्यावर जेवलो. ज्वारीची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा. ठेच्याचा पहिलाच घास माझ्या नाकात गेला. ढाबेवाल्याने न मागता गुळाचा खडा आणून ठेवला आणि म्हणाला, "पुण्याच्या का? तरीच. तिकडं मिरचीतबी साखर घालत्यात."

काम चालतं ते गाव नाक्यापासून आत आहे. नाव सांगत नाही. उतरायची सोय सुमनबाईंकडे केली होती. सुमनबाई माझ्याच वयाच्या, उंच, आवाज मोठा. नवरा वाशीमला एका गोदामात कामाला, पंधरा दिवसांनी येणारा. घरात थोरली लेक पूजा बाळंतपणाला आलेली. मुलगी झाली होती आणि तिला अजून बारा दिवसही पुरे झाले नव्हते.

"या ताई, भाईर काहून बसता? थंडी हाय. आत या, शेगडीपाशी."

आत पूजा बाजेवर होती. बाजेखाली शेगडी, शेगडीत लाल निखारे, दार किलकिलं. निखाऱ्यांवर सुमनबाईंनी ओवा आणि शेपा टाकल्या. धुरीवर लेकरू धरलं. ते आधी रडलं, मग शिंकलं आणि गप्प झालं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईने हेच केलं होतं. तो वास नाकात गेल्यावर मला आईची आठवण झाली. मी हात शेकत बराच वेळ बसले. निखारा छान होता, धूर नाही, तडतड नाही. कशाचा आहे, हे माझ्या मनातही आलं नाही.

दुसरा दिवस : खड्ड्यावर

सकाळी शेतावर गेलो. माणूसभर खोल नाही, पण पसरट असे चार खड्डे, नरसाळ्यासारखे निमुळते. खाली थोडी पऱ्हाटी पेटवायची, ती लाल झाली की वर नवीन थर द्यायचा. जाळ वरच्या थरात राहतो, खालच्याला हवा मिळत नाही आणि त्याचा कोळसा होतो. शेवटी पाणी. पाणी मारताना जो आवाज येतो तो शंभर तव्यांवर एकदम पाणी शिंपडल्यासारखा. मी पुढे होऊन पाहत होते. वाफेबरोबर काळी भुकटी उडाली आणि चष्म्यापासून पदरापर्यंत मी काळी झाले.

"आता झाल्या म्याडम आमच्यातल्या," चाळणीवर बसलेल्या कांताबाई म्हणाल्या आणि सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. तोपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं.

कोळसा वाळला की बाया तो बडवतात, मग मोठ्या चाळण्यांवर चाळतात. चार चाळण्या, आठ बाया. खाली पडतं ते पोत्यात, पोतं काट्यावर, तिथून शेणकाल्याच्या टाकीत. मी काट्याजवळ खुर्ची टाकून बसले. खड्ड्यातून वाळून निघालेलं वजन एका बाजूला, टाकीत गेलेलं दुसऱ्या बाजूला. दुपारपर्यंत दोन्हींत फरक दिसू लागला. उडालेली भुकटी, सांडलवंड सगळं धरूनही फरक उरत होता. मोजलं तर साधारण दर सहा टोपल्यांमागे एक टोपली कुठेतरी जात होती.

मी चाळणीपाशी जाऊन उभी राहिले. चाळून झालं की वर मोठे तुकडे राहायचे. पऱ्हाटीचा मुळाकडचा भाग जाड असतो, त्याचे गड्डे बडवूनही फुटत नाहीत. बाया ते पुन्हा बडवायला टाकत नव्हत्या. प्रत्येकीच्या मागे एक टोपली होती, त्यात टाकत होत्या.

"हे कुठे जातं?"

"वरचं?" कांताबाईंना प्रश्नच कळला नाही. "वरचं चाळणवालीचं."

"म्हणजे घरी नेता?"

"व्हय. ज्वारी चाळली तरी वरचं चाळणवालीचं, हरभरा चाळला तरी चाळणवालीचं. आमच्या सासूबी तेच करायच्या. चाळण धरली का वरचं आपलं. कोन इचारतं?"

"आणि घरी त्याचं काय करता?"

"जाळतो की! कोळश्याचं काय लोनचं घालतेत?"

पुन्हा हसणं झालं. या वेळी मी हसले नाही. मनात गणित झालं होतं. आम्ही पैसे दिले होते ते जमिनीत जाणाऱ्या कार्बनचे, आणि त्यातला सहावा हिस्सा चुलीतून आभाळात जात होता. हे मी विलासरावांना बाजूला घेऊन सांगू शकले असते. मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. माझं वाक्य मला आठवतं. "विलासराव, आम्ही पुरण्याचे पैसे देतोय, पेटवण्याचे नाही. हे असंच चालणार असेल तर उरलेल्या निम्म्याबद्दल मला सभेत लिहून द्यावं लागेल."

विलासरावांचा चेहरा उतरला. त्यांच्या संस्थेचा आणखी सात गावांतला कारभार असल्याच पैशांवर चालतो. ते बायांकडे वळले. "ऐकलं का? आजपासून वरचं बंद. सगळं दळायचं. अन् घरी जे गेलेलं हाय तेबी आणा माघारी."

"घरचं काहून?" कांताबाई म्हणाल्या. "ते तं मागच्या आठवड्याचं हाय."

"म्याडमचा हिशेब जुळाया पाहिजे का न्हाई?"

कुणी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. दोन गडी गावात गेले आणि तासाभरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून टोपल्या घेऊन आले. ताडपत्रीवर सगळा कोळसा पसरला, वर दुसरी ताडपत्री घातली आणि त्यावरून ट्रॅक्टर पुढेमागे फिरवला. कुरकुर असा आवाज येत होता. मग चाळलं. सगळं खाली पडलं, वर काही उरलं नाही. काट्यावर वजन केलं, मागच्या आठवड्याचं वेगळं लिहिलं आणि फरक गेला. विलासरावांनी फोटो काढला. पाहणीच्या कागदावर मी सही केली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला समाधान वाटलं.

सुमनबाई चौथ्या चाळणीवर होत्या. ट्रॉलीतल्या टोपल्यांत हिरव्या प्लास्टिकची एक होती. तशीच मी सकाळी त्यांच्या न्हाणीपाशी पाहिली होती. दिसली, पण मी तिचा विचार केला नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा अंगणात धूर होता. सुमनबाई गोवऱ्या पेटवत होत्या. आत बाजेखालची शेगडी तशीच, आत काळी भुकटी आणि वर थोडी राख.

"विझली का?"

"पेटनाच," पूजा म्हणाली. "आईनं वंजळभर चुरा आणला टाकीपाशी सांडलेला. पर बारीक हाय. कोंडून राहिला."

हे मला माहीत होतं. बारीक चुऱ्यातून हवा खेळत नाही, तो स्वतःखालीच विझतो. मोठे तुकडे असले की मध्ये फटी राहतात, निखारा धुमसत राहतो. जमिनीला जे चांगलं तेच शेगडीला वाईट, हे मी आमच्या सभेत फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. शेगडीपुढे उभी राहिल्यावर कळलं, काल मी हात शेकले तो निखारा चाळणीवरच्या तुकड्यांचाच होता.

गोवरीचे निखारे आत आणले तर धूर झाला. बाळ खोकायला लागलं. दार सताड उघडलं तर वारा आला. शेवटी सुमनबाईंनी निखारे परत बाहेर नेले आणि पूजाला दोन वाकळांत गुंडाळलं.

"गॅस आहे ना?" मी विचारलं.

"हाय. सैपाकापुरता. गॅसचा निखारा कुठून काढू, ताई?" त्या रागाने बोलल्या नाहीत. खरंच विचारल्यासारखं बोलल्या.

मी म्हणाले, "माझ्यामुळे झालं हे."

"तुमच्यामुळं कशाला? हिशेब हाय. जेवून घ्या."

वरण, भाकरी, आंबट चुक्याची भाजी. पूजाला बाजरीची भाकरी आणि डिंकाचा लाडू. सुमनबाईंनी मला दुसरा लाडू वाढला. नको म्हटलं तर म्हणाल्या, "बाळंतिनीच्या घरचं नाही म्हनू नये." आमच्याकडे पाहुण्याने नको म्हटलं की आम्ही एकदा आग्रह करतो आणि सोडून देतो. इथे तसं नाही. मी तो लाडू खाल्ला.

तिसरा दिवस : परत नाक्यावर

सकाळी सुमनबाईंनी हाक मारली, "ताई, पानी काढलं." न्हाणीत मोठी बादली भरून कढत पाणी. माझी सवय आहे, झोपेतून उठून लगेच आंघोळ, काही विचार न करता. मी अंगावर शेवटचा तांब्या ओतला आणि बाहेर आले. पूजा उंबऱ्यात बसली होती, केस मोकळे, अंगाला तेल लावलेलं. बाळालाही तेल लावलेलं. चुलीवर दुसरं पातेलं होतं, खाली तुराट्यांचा जाळ भसकन पेटून भसकन विझत होता. पाणी अजून गारच होतं.

तेल लावून बसलेल्या बाळंतिणीच्या आधी पहिलं कढत पाणी मला, पाहुणीला दिलं होतं, आणि हे ती मला सांगणार नव्हती. मी तिथे ओल्या केसांनी उभी राहिले. सव्वीस वर्षांत माझ्याकडून कधी एवढी मोठी चूक झाली नसेल. आणि कागदावर ती कुठे दिसणारही नव्हती.

मी पाकीट काढलं. सुमनबाई फुंकणी खाली ठेवून म्हणाल्या, "ते काय करून राहिल्या?"

"लाकडं घ्या थोडी. माझ्याकडून."

"राहू द्या."

"सुमनबाई, ऐका."

"पाहुनीचे पैसे घेऊन लेकीला शेकू का? लोक काय म्हनतील? काल मजुरी भेटली हाय मला. ठेवा."

मी विलासरावांकडे गेले. ते जीप पुसत होते. मी सांगितलं, माझं चुकलं, चाळणीवरचं बायांचंच राहू द्या. जमिनीत जितकं जातं तितकंच धरा, तेवढ्याचेच पैसे घ्या. कागद बदलून देते.

त्यांनी फडकं पिळून जीपवर टाकलं. "म्याडम, तुमी काल बराबरच बोलल्या व्हत्या."

"नव्हते बरोबर."

"बराबर व्हत्या. आमच्याच ध्यानात आलं नव्हतं. रात्रीच वर फोटू पाठवला, तुमच्या सहीचा कागद पाठवला. वरून लई कवतिक झालं. आता आठी गावांत वरचं बंद. ट्रॅक्टर फिरवायचाच म्हने." मग आवाज उतरवून म्हणाले, "माझी आयबी चाळणवालीच व्हती. पन मला आता माघारी जाता येत न्हाई. तुमीबी येऊ नका. दुसरा हप्ता अडकला तर या बायांची मजुरीच अडकन."

म्हणजे माझा शब्द मागे घेतला तर बायांचं आणखी नुकसान, ठेवला तर झालं ते झालंच. कुठल्याही खात्यात फिरवला तरी न सुटणारा असा हिशेब मी पहिल्यांदा पाहिला, आणि तो मीच मांडला होता.

निघताना पूजाने बाळ माझ्या हातात दिलं. लेकरू गार नव्हतं. पदराच्या घड्यांत नीट गुंडाळलेलं होतं. पण नाकाचा शेंडा गार लागला. मी त्याच्या मुठीत पैसे ठेवले. बाळाच्या हातात दिलेलं परत करायचं नसतं, ही रीत इथेही आहे, म्हणून सुमनबाईंनी नको म्हटलं नाही. पैसे त्यांनी त्याच्या टोपीत खोचले. त्या पैशांचे बाळाला तोडे, वाळे असलं काही आणतील. लाकडं आणणार नाहीत, हे मला माहीत होतं.

सुमनबाई नाक्यावर काम आहे म्हणाल्या, म्हणून जीपमध्ये माझ्याबरोबरच आल्या. वाटेत आम्ही हळदीच्या भावाबद्दल बोललो. नाक्याला उतरल्यावर त्या ढाब्यामागच्या वखारीकडे वळल्या. वाशीमकडची गाडी यायला वेळ होता. मी मागोमाग गेले.

वखारीत बाभळीचा ढीग होता. नुकती तोडलेली. कापलेल्या टोकांवर डिंक सुटला होता, एका फांदीला पिवळी फुलं अजून होती. सुमनबाईंनी ढीग उलटापालटा करून बऱ्यापैकी वाळलेली ओंडकी वेगळी काढली.

"ओली नको देऊ, भाऊ. लेकीच्या शेगडीला पायजे."

"निम्मी ओलीच हाय, मावशी. तुमच्याकडं तं कोळसा असतो. औंदा काहून लाकूड?"

"औंदा न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. मी शेजारी उभी होते. मला त्यांनी मुद्दाम सांभाळून घेतलं.

वखारवाल्याने ओंडकी काट्यावर चढवली. मी पर्स उघडली. त्याने सुमनबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि तो मला म्हणाला, "तुमी कशाला? बाई देतेत की."

पुण्याला येऊन मी सभेत सगळं सांगितलं. सभासदांनी ऐकून घेतलं, एकजण म्हणाले की तुम्ही मनाला लावून घेता, तुमचं काम तर चोख झालं. उरलेले अठरा हजार संस्थेला पाठवायला सही माझीच लागते, ती मी केली. त्यांतून बायांची मजुरी निघते. सुमनबाईंची त्या दुसऱ्या दिवसाची मजुरी तीनशे रुपये होती. ती त्यांनी कनेरगाव नाक्यावर माझ्यासमोर पदराच्या गाठीतून सोडली आणि बाभळीच्या लाकडासाठी वखारवाल्याला दिली.